पिचर कमी पडतात तेव्हा: कॉलेज बेसबॉलमधले क्षेत्ररक्षक-पिचर

३० मे २००९ ची रात्र. टेक्सास विद्यापीठ आणि बॉस्टन कॉलेज यांचा ऑस्टिनमधला सामना २-२ वर अडकला होता आणि सुटायचं नाव घेत नव्हता. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो. हा पंचविसाव्या इनिंगपर्यंत गेला, सात तास चालला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर टेक्सासने ३-२ असा जिंकला. कॉलेज बेसबॉलच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला सामना. त्याची आठवण निघाली की आधी टेक्सासच्या ऑस्टिन वूडचं नाव निघतं, आणि ते रास्तच आहे. पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. बदली पिचर म्हणून येऊन त्याने एकट्याने १३ इनिंग टाकल्या, १६९ चेंडू.

मला मात्र त्या रात्रीतला दुसरा खेळाडू जास्त जवळचा वाटतो. बॉस्टन कॉलेजचा माइक बेलफिओरे. हा त्यांचा नेहमीचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा आणि फलंदाजी करणारा खेळाडू. तो माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आला आणि नऊ पूर्ण इनिंग अन् वर दोन बळी एवढा वेळ त्याने टेक्सासला एकही धाव करू दिली नाही.

ऐकताना हा चमत्कार वाटतो, पण तो चमत्कार नव्हता. बेलफिओरे त्या हंगामात संघाचा क्लोजरही होता, म्हणजे अटीतटीच्या सामन्यात शेवटची इनिंग टाकायला येणारा पिचर. संघाने त्याला आधीपासून तयार केलं होतं. त्या रात्री त्या तयारीची अफाट परीक्षा झाली, एवढंच. फलंदाजी-क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूंमधून पिचर कसे उभे करतात, का करतात आणि त्यात धोका कुठे आहे, ते या लेखात सांगतो.

आपल्याला क्रिकेटची सवय असल्यामुळे यात अवघड ते काय, असं आधी वाटतं. कामचलाऊ गोलंदाज आपण लहानपणापासून पाहतो. पण बेसबॉलमध्ये पिचर ही जवळजवळ वेगळी जात आहे. त्याला बदली होईपर्यंत एकामागून एक सगळ्या फलंदाजांना चेंडू टाकायचे असतात. षटक संपलं, आता दुसऱ्या टोकाकडून दुसरा, अशी सोय नाही. दर चेंडू जवळपास पूर्ण ताकदीने टाकायचा, साडेसाठ फुटांवरून, म्हणजे १८.४४ मीटरवरून. आणि बदली होऊन एकदा सामन्याबाहेर गेला की त्या सामन्यात परत येता येत नाही. प्रत्येक इनिंगमध्ये तीन बळी, नऊ इनिंगमध्ये सत्तावीस. हे सत्तावीस बळी रोज कुणीतरी मिळवायचेच असतात. सामना हातातून गेलेला असला तरी.

कॉलेजात हा हिशेब फार लवकर तंग होतो. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन १ मध्ये, नियमित हंगाम जास्तीत जास्त ५६ सामन्यांचा. फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. बहुतेक आठवड्यांत शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने एकाच संघाशी, आणि मधे मंगळवारी किंवा बुधवारी एक. चार सामने म्हणजे ३६ इनिंग. शनिवार-रविवारच्या मालिकेतल्या तीन प्रमुख पिचरांनी सहा-सहा इनिंग टाकल्या, आणि हे चांगल्या आठवड्यातलं चित्र झालं, तरी १८ इनिंग उरतात. त्यात एखाद्याला तिसऱ्याच इनिंगमध्ये मार बसला की उरलेल्यांवर आणखी तीन-चार इनिंगचं ओझं पडतं. एका संघात पंधरा-सोळा पिचर असले तरी त्यातले दोन-तीन दुखावलेले, दोन-तीन नवखे, आणि प्रशिक्षकाचा खरा विश्वास बसलेले सात-आठच.

लहान कॉलेजांत तर त्याहून ओढाताण. तिथे एकाच दिवशी दोन सामने लागोपाठ खेळवण्याची रीतच आहे, त्याला डबलहेडर म्हणतात. पाऊस पडला की पुढे ढकललेले सामने त्याच शनिवार-रविवारात कोंबले जातात.

आणि मग येते हंगामाच्या शेवटची स्पर्धा. १९९९ पासून तिच्यात ६४ संघ असतात, चार-चार संघांचे सोळा गट. दोनदा हरलं की बाहेर. पहिलाच सामना हरलेल्या संघाला गट जिंकायचा असेल तर त्यानंतर सलग चार सामने जिंकावे लागतात. शुक्रवार ते सोमवार, चार दिवसांत पाच सामने, ४५ इनिंग. ओमाहाला, म्हणजे १९५० पासून जिथे कॉलेज वर्ल्ड सिरीज भरते त्या नेब्रास्कातल्या गावाला पोचायचं तर हा घाट चढावा लागू शकतो. शुक्रवारी ज्याने शंभर चेंडू टाकले त्याला सोमवारी पुन्हा उभं करणं म्हणजे त्याच्या कोपराशी खेळणं. अशा वेळी डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलाला एक इनिंग नीट टाकता येत असेल, तर ती एक इनिंग सोन्याची असते.

व्यावसायिक बेसबॉलमध्येही क्षेत्ररक्षक माउंडवर येतात, पण तो प्रकार वेगळा. तिथे सामना पूर्ण हाताबाहेर गेल्यावर कुणीतरी येतो आणि हळुवार चेंडू सोडत राहतो, खऱ्या पिचरांचे हात वाचावेत म्हणून. मेजर लीगने २०२३ पासून त्यावर कडक अटी घातल्या: संघ आठ किंवा जास्त धावांनी मागे असेल, किंवा नवव्या इनिंगमध्ये दहा किंवा जास्त धावांनी पुढे असेल, किंवा सामना जादा इनिंगमध्ये गेला असेल, तरच. कौतुकाचाही एक प्रकार असतो. १२ मे २००८ ला फ्लोरिडा स्टेटच्या बस्टर पोझीने एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागा खेळून दाखवल्या, त्यात पिचिंगही आलं. पाहायला फार छान. पण मी ज्याबद्दल लिहितोय ते रोजच्या भाकरीचं काम आहे.

निवड कुणाची करायची? याचं उत्तर बऱ्याचदा मुलाच्या जुन्या दिवसांत सापडतं. अमेरिकेतल्या गावोगावच्या शाळांत संघातला सर्वांत चांगला खेळाडू एक दिवस पिचर असतो आणि दुसऱ्या दिवशी शॉर्टस्टॉप. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, सर्वांत चपळ हातांचा क्षेत्ररक्षक. कॉलेजात आल्यावर त्याला सांगितलं जातं की बाबा, आता एकच काय ते धर. तो बॅट धरतो आणि पिचिंग मागे पडतं. म्हणजे प्रशिक्षक नवीन कला शिकवत नसतो, अर्धवट सोडलेली कला पुन्हा वर काढत असतो. शॉर्टस्टॉपचा फेक जोरदार आणि अचूक असतो, सेंटर फिल्डरचा लांब. कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, हातही दणकट असतो, पण त्याच्याबद्दल पुढे बोलू, कारण तिथे मला काळजी वाटते.

याचं सर्वांत ठळक उदाहरण जेकब डीग्रॉम. फ्लोरिडातल्या स्टेटसन विद्यापीठात तो शॉर्टस्टॉप होता. फलंदाजी बेताची. तिसऱ्या वर्षी, २०१० मध्ये, त्याला पिचिंगला लावलं. आधी शेवटच्या इनिंगसाठी, मग पहिल्यापासून. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत घेतलं. २०१८ आणि २०१९ ला तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला, लागोपाठ दोन साय यंग पुरस्कार. कुणी ‘जरा टाकून बघ’ म्हटलंच नसतं तर हा हात शॉर्टस्टॉपवरच राहिला असता.

असे कितीतरी हात कॉलेजात ओळखलेच जात नाहीत. ट्रेव्हर हॉफमन अॅरिझोना विद्यापीठात शॉर्टस्टॉप होता. व्यावसायिक संघात गेल्यावर १९९१ मध्ये त्याला पिचर केलं आणि पुढे ६०१ सामने त्याने ‘वाचवले’, म्हणजे शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवली, २०१८ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला.

उलट बाजूने ज्यांनी दोन्ही कामं कॉलेजभर केली त्यांची परंपरा जुनी आहे. १९७३ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू मिनेसोटाचा डेव्ह विनफिल्ड होता, पिचर आणि फलंदाज. पुढे तो व्यावसायिक बेसबॉलमध्ये आउटफिल्डर म्हणून गाजला. १९८८ ला वॉशिंग्टन स्टेटच्या जॉन ओलेरुडने पिचर म्हणून १५ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि फलंदाजीची सरासरी ठेवली .४६४. दोन्ही कामं करणाऱ्या कॉलेज खेळाडूला आज जो पुरस्कार मिळतो तो त्याच्याच नावाचा. पण एकाच खेळाडूने संघाची दोन कामं भागवणं म्हणजे काय, हे मला सर्वांत जास्त १९९५ च्या अंतिम सामन्यात दिसतं. कॅल स्टेट फुलर्टनचा मार्क कॉट्से सेंटर फिल्डर. त्याने दोन होमरन मारले आणि शेवटी स्वतःच माउंडवर येऊन सामना संपवला. क्लोजर वेगळा ठेवायची त्या संघाला गरजच पडली नव्हती.

आता हे घडवतात कसं ते पाहू. मी राहतो त्या गावात एक छोटं कॉलेज आहे, डिव्हिजन ३ मधलं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते आणि सराव बघायला कुणालाही कुंपणाशी उभं राहता येतं. मी सप्टेंबरात संध्याकाळी जातो. गेल्या शरदात एका शॉर्टस्टॉपची माउंडवरची पहिली संध्याकाळ मी पाहिली. कॅचर घरच्या बेसमागे बसलेला, सहायक प्रशिक्षक बाजूला वही घेऊन. मुलाने पहिला चेंडू टाकला तो कॅचरच्या डोक्यावरून मागच्या जाळीत. दुसरा तसाच. तिसरा जरा खाली, पण खांद्याच्या उंचीवर. मुलगा हाताकडे बघायला लागला, जणू हाताचंच काही चुकतंय.

चूक हातात नव्हती. माउंड म्हणजे मैदानापासून दहा इंच उंच केलेला मातीचा उंचवटा. पुढचा पाय टाकला की तो उतारावर, अपेक्षेपेक्षा खाली पडतो. सपाट जमिनीवर आयुष्य गेलेल्या मुलाच्या हातून चेंडू लवकर सुटतो आणि वर जातो. दुसरं म्हणजे शॉर्टस्टॉप चेंडू उचलला की फेकण्याआधी एक छोटी उडी घेतो, त्या लयीतून त्याला जोर मिळतो. पिचरला ती उडी नाही. त्याचा पाय माउंडवरच्या रबरी पट्टीला टेकलेला हवा, तिथूनच सगळा जोर काढायचा. सहायक प्रशिक्षकाने हाताबद्दल एक शब्दही काढला नाही. पुढचा पाय कुठे पडावा तिथे बोटाने मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाला, बस, इथे. सतराव्या चेंडूला कॅचरच्या हातमोज्याचा तो भरीव आवाज आला. अठरावा, एकोणिसावाही तसाच. विसाव्याला थांबवलं. मुलगा आणखी टाकायला तयार होता, पण वहीत वीसच लिहिले होते.

पहिले काही आठवडे असेच जातात: आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस चेंडू, आधी निम्म्या जोराने. शिकवायचं फार नसतं आणि शिकवूही नये, असं माझं मत झालंय. एक फास्टबॉल, जो हवा तिथे टाकता येईल, आणि एक हळू चेंडू, जो त्याच हाताच्या झटक्यातून येतो. चार प्रकारचे चेंडू शिकवायला गेलं की एकही धड येत नाही. मुलाचा हात खालून, बाजूने येत असेल तर येऊ द्यावा. आपल्या पुण्याच्या केदार जाधवची गोलंदाजी आठवा. फलंदाज म्हणून संघात आलेला, हात खांद्याखालून, चेंडू उसळायचाच नाही, आणि २०१८ च्या आशिया चषकात पाकिस्तानचे तीन गडी २३ धावांत. कुणी त्याचा हात सरळ करायला गेलं असतं तर तो एक साधा ऑफस्पिनर उरला असता. इन्फिल्डमधून, म्हणजे बेसांजवळच्या जागेवरून, आलेल्या पिचरचंही तेच. दिवसभर ताठ उंचावरून येणारे चेंडू खेळलेल्या फलंदाजासमोर सातव्या इनिंगला एकदम कमरेच्या उंचीवरून चेंडू आला, की त्याला जुळवून घ्यायला वेळ लागतो. तेवढ्यात तीन बळी निघून जातात.

वेगापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे स्ट्राइक, फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीतून जाणारा चेंडू. चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर गेले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. तीन वॉक दिले की न मारता बेस भरले. म्हणून प्रशिक्षक वहीत वेग कमी आणि पहिला चेंडू स्ट्राइक होता की नाही हे जास्त लिहितात. मार बसलेला चालतो, मागे आठ जण उभे आहेत झेलायला. वॉक झाला की त्या आठांना काही करताच येत नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जिथे नवखा पिचर हमखास अडकतो. बेसवर धावपटू असला की पिचरच्या हालचालींवर नियमांची बंधनं येतात. टाकायला सुरुवात करून मधेच थांबला की बॉक, आणि सगळे धावपटू एकेक बेस पुढे. त्यामुळे या मुलांना चेंडू टाकण्याइतकाच सराव चेंडू हातात धरून थांबण्याचा देतात.

सामन्यात खरी अडचण येते हात गरम करण्याची. बुलपेनमधला, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेतला, पिचर दोन इनिंग आधीपासून हळूहळू हात मोकळा करतो. शॉर्टस्टॉप मैदानात उभा आहे, तो कधी करणार? एकच वेळ सापडते: आपला संघ फलंदाजी करत असताना. म्हणजे त्याची फलंदाजीची पाळी त्या इनिंगला येऊ नये, हेही प्रशिक्षकाला आधीच पाहावं लागतं. म्हणून बरेच प्रशिक्षक अशा खेळाडूला त्या दिवशी डेझिग्नेटेड हिटर ठेवतात, म्हणजे फक्त फलंदाजी, क्षेत्ररक्षण नाही. मग संघ मैदानात असताना तो निवांत बुलपेनमध्ये तयार होतो. पिचर स्वतःच आपला हिटर असू शकतो आणि पिचिंग सोडल्यावरही फलंदाजी चालू ठेवू शकतो, हा नियम कॉलेजात फार आधीपासून आहे. मेजर लीगने तो पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीसाठी २०२२ मध्ये आणला.

पॉल स्कीन्स याच वाटेने आला. एअर फोर्स अकॅडमीत तो कॅचर होता, फलंदाज होता, पहिल्या वर्षी क्लोजर होता आणि दुसऱ्या वर्षी शुक्रवारचा प्रमुख पिचर. मग एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठात, गेला, फक्त पिचर झाला आणि २०२३ मध्ये २०९ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, करून कॉलेज वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन्ही कामं करणाऱ्याने कधीतरी एक सोडावं लागतं, हेही त्याच्या वाटेवरून कळतं.

आणि आता कोपर. कोपराच्या आतल्या बाजूला एक जाड बंध असतो, हाडांना बांधून ठेवणारा, अल्नार कोलॅटरल लिगामेंट. जोराने चेंडू टाकताना मोठा ताण त्यावर येतो. तो फाटला की शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर केली, तेव्हापासून तिला त्याचंच नाव. परत माउंडवर यायला वर्षभर किंवा जास्त लागतं. वर ज्याचं गुणगान केलं त्या डीग्रॉमचीच ही शस्त्रक्रिया २०१० च्या ऑक्टोबरमध्ये झाली, म्हणजे पिचिंगला लागला त्याच वर्षी. कारण काय होतं ते बाहेरून सांगता येत नाही. पण नव्याने माउंडवर आलेला हात वर्षाच्या आत फाटू शकतो, हे लक्षात ठेवायला एवढं उदाहरण मला पुरतं.

एनसीएएने सामन्यातल्या चेंडूंवर कमाल मर्यादा घातलेली नाही. सगळं प्रशिक्षकाच्या विवेकावर. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक सूत्रं आहेत. त्यात १९ ते २२ वयोगटासाठी ३० चेंडूंपर्यंत विश्रांतीची गरज नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन दिवस, आणि दिवसाला १२० च्या वर कधीच नाही. पण हे आकडे पिचरसाठी. शॉर्टस्टॉपने शनिवारी सरावात चाळीस वेळा पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू या मोजणीत येत नाही. कॅचरने तर प्रत्येक चेंडू झेलून परत पिचरकडे फेकलेला असतो, नऊ इनिंगमध्ये शंभरावर वेळा. म्हणूनच शाळकरी वयासाठीची सूत्रं पिचिंग आणि कॅचिंग एकत्र टाळा म्हणतात, आणि मला वाटतं कॉलेजातही ते पाळावं. एका मुलाला मी सामन्यात सहा इनिंग कॅचर राहून मग दोन इनिंग टाकताना पाहिलंय. दुसऱ्या दिवशी तो पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलत होता. त्याच्या आईला ते दिसलं, संघातल्या कुणालाच दिसलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून ज्या संघात एकच वही असते, जिच्यात पिचिंग, सराव, इन्फिल्डमधले फेक सगळं एकत्र लिहिलं जातं, त्या संघावर माझा विश्वास बसतो. रविवारी टाकलं तर मंगळवारी फक्त फलंदाजी, किंवा पहिल्या बेसवर, जिथे फेकायचं काम सर्वांत कमी.

यापुढे अशा खेळाडूंची गरज वाढेल असं मला वाटतं. डिव्हिजन १ मध्ये पूर्वी एका संघाला सगळ्या मिळून ११.७ शिष्यवृत्त्या वाटून द्याव्या लागत. २०२५-२६ पासून नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची ती मर्यादा राहिली नाही, पण संघात ३४ च खेळाडू. पैशाची अडचण गेली आणि जागेची आली. ३४ त एक खेळाडू दोन कामं करत असेल तर पस्तिसावा मिळाल्यासारखंच.

गावातल्या त्या कॉलेजचा शॉर्टस्टॉप एप्रिलमध्ये पहिल्यांदा खऱ्या सामन्यात आला. रविवार, डबलहेडरचा दुसरा सामना, संघ पाच धावांनी मागे, पिचर संपलेले. त्याने पहिल्याच फलंदाजाला वॉक दिला. मग माउंडवर वाकून त्याने बुटाच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली, पुढचा पाय पडायचा तिथे. पुढचे तीन फलंदाज जमिनीवरच्या चेंडूंवर बाद झाले. चौदा चेंडू. सहायक प्रशिक्षकाने आकडा वहीत लिहिला आणि त्याच ओळीत पुढे, मंगळवारच्या रकान्यात, फुली मारली.